खालच्या कोपऱ्यातला डाग

चाळणीबाईंकडे नवीन खेळणं आलं की त्याचा पहिला मुक्काम बादलीत. दिवसभर ते कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं आणि पाण्याला रंग चढला की खेळणं बाद. त्यातून जे वाचेल त्याचे डोळे, चाकं, बटणं बाई स्वतःच्या दातांनी ओढून बघायच्या, कारण मूलही दातांनीच ओढणार. मग पॉलिश पेपर. बाहुलीच्या तोंडावर रंगवलेलं हसू त्या घासून घासून सपाट करत. खिडकीशी ओळीने वाळत घातलेल्या बिनचेहऱ्याच्या बाहुल्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा उंबऱ्यावरूनच परत फिरावंसं वाटलं होतं.

त्या म्हणायच्या, जी बाहुली सदा हसते तिला जवळ घेऊन मुलाने रडायचं कसं? खेळण्यात काहीतरी कमी हवं, ते मूल भरतं.

पुस्तकांचीही तीच गत. नवीन चित्रपुस्तक आलं की बाई मजकुरावर कागदाच्या पट्ट्या ठेवत आणि नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळते का ते बघत. मग पुस्तक उलटं धरून पुन्हा एकदा, कारण मुलासमोर बसून वाचणाऱ्याला ते उलटंच दिसतं. शंभरातली सात-आठ फळीवर जायची, बाकीची रद्दीत. म्हणून आम्ही पालकांनी त्यांचं नाव चाळणीबाई ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. कोंडाच न्यायचा असेल तर बाजार मोठा आहे, असं त्या तोंडावर सुनावत.

त्यांचं हे वाचनालय म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पूर्वी तिथे शिंपी बसायचा. त्याचा उभा आरसा बाईंनी आडवा करून जमिनीला टेकवला होता, त्यामुळे मोठ्या माणसांना त्यात फक्त स्वतःचे पाय दिसत. खुर्ची एकच, तीही बाईंची. आयांनी दाराशी चटईवर बसायचं आणि गप्प राहायचं. मुलाला काय आवडतं, काय येतं, ते कुणावर गेलंय, हे सांगायची सोय नव्हती. बाई हात वर करून थांबवायच्या. "मुलाचं मला मूल सांगेल." प्रत्येक मुलाला त्या स्वतःच एक टोपणनाव देत आणि आईला त्या नावाने हाक मारत. माझी चार वर्षांची लेक त्या खोलीत मधून कधी चालली नाही, भिंतीच्या कडेकडेने जायची. म्हणून ती मुंगी झाली आणि मी मुंगीची आई.

मी तिथे गेले ते काळजीपोटी. काळजी हा माझा स्वभावच आहे, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. नव्या घरी आल्यापासून मुंगी एकटीच खेळायची, आणि खेळायची म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसायची. बॅटरीवर नाचणारी, गाणारी, दिवे लावणारी खेळणी आणून मी खोली भरली होती. ती त्यांच्याकडे पाठ करी. नवरा म्हणायचा, शांत मूल मिळालंय तर देवाचे आभार मान. चाळणीबाईंनी दिलेली बिनचेहऱ्याची बाहुली तिने पहिल्या दिवशीच छातीशी धरली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, या घरात एक तरी तोंडाशिवाय आलं.

पण बाईंची खरी विद्या वेगळीच होती. मुलाने परत आणलेलं पुस्तक त्या कधी लगेच पुसत नसत. सगळे गेले की टेबलावरचा दिवा आडवा वाकवायचा आणि एकेक पान त्या तिरप्या उजेडात धरायचं. मुलाची बोटं कुठे थांबली, कुठे फिरली, कोणतं पान भीतीने चुरगळलं, कुठे दुधाचा ओठ टेकला, सगळं त्या उजेडात उमटून येई. प्रत्येक मुलामागे एक कार्ड होतं. त्यावर बाई पानाएवढे लहान लहान चौकोन काढून त्यात टिंबं देत. ती टिंबं वाचून पुढचं पुस्तक, पुढचं खेळणं. पाण्यावर बोटं फिरवणाऱ्याला त्या होडी देत. दारावर थांबणारीला किल्ल्यांचा जुडगा. त्यांचा नेम क्वचित चुके. शहाण्यासुरत्या आया त्यांना देवऋषी म्हणायच्या. त्याचा बाईंना राग यायचा. मी फक्त मळ वाचते, असं त्या म्हणत.

त्या दुपारी मुंगीला सासूबाईंजवळ ठेवून मी एकटीच पुस्तक परत करायला गेले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी पुस्तक घेतलं, पण फळीकडे वळल्या नाहीत. "आज काही देत नाही. बस जरा, मुंगीची आई." आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या खुर्चीवर कुणा आईला बसवलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी मुंगीने वाचलेली सहा पुस्तकं जमिनीवर उघडून मांडली आणि दिवा खाली आणून आडवा धरला. एका पानावर अस्वलाचं स्वयंपाकघर होतं. दुसऱ्यावर राजाचा महाल, तिसऱ्यावर चांभाराची खोली, चौथ्यावर जहाजातली कोठडी. चित्रकार निराळे, रंग निराळे. पण प्रत्येक खोलीच्या डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर वाटावा अशा जागी, कागद झिजून मंद झाला होता. बोटाच्या पेराएवढा लांबट डाग. त्या जागी कुणीच काही काढलेलं नव्हतं, नुसती भिंत होती. बागेच्या, समुद्राच्या, रस्त्याच्या पानांवर एकही डाग नव्हता. फक्त खोल्या.

मी म्हटलं, पान उलटताना तिथे धरत असेल. बाई म्हणाल्या, पान उजवीकडून उलटतात.

मग त्यांनी कपाटातून एक जुनं, पिवळं पडलेलं कार्ड काढलं. सात वर्षांपूर्वीच्या एका मुलाचं. त्याचं टोपणनाव डावखुरा. त्यावरचे चौकोन आणि मुंगीच्या कार्डावरचे चौकोन त्यांनी शेजारी ठेवले. दोन्हीकडे टिंब त्याच कोपऱ्यात. तरी मला वाटत होतं की यात काहीतरी साधंसुधं असणार आणि बाई ते आता सांगतील.

त्यांनी सांगितलं ते असं. डावखुऱ्याचे डाग पाहून त्या तेव्हा हरखून गेल्या होत्या. पाच वर्षांचं पोर, आणि प्रत्येक चित्रात कुणी न काढलेलं दार बघतंय! बाईंचं सगळं आयुष्य अशाच मुलाची वाट बघण्यात गेलं होतं. त्यांनी त्याला बिळातल्या प्राण्यांचं पुस्तक दिलं. मग रांगत जायचा कापडी बोगदा. मग टॉर्च. तेवढ्यावर मुलगा यायचा थांबला. त्याआधी नेलेले ठोकळे, लाकडी मेंढी, यातलं काहीच परत आलं नाही. बाईंनी फोन केला तेव्हा एका पुरुषाने, आम्ही घर सोडलंय, एवढं बोलून फोन ठेवून दिला.

कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता असतो, पण बाई कार्ड कधी उलटत नसत. मुलाच्या घरची श्रीमंती-गरिबी आपल्या निवडीत शिरू नये म्हणून तो नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. मागच्या खेपेला आलेलं सहावं पुस्तक दिव्याखाली पाहिल्यावर, त्या दिवशी सकाळी, त्यांनी पहिल्यांदा दोन्ही कार्डं उलटली. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. इमारत तीच, मजला तोच, घराचा नंबर तोच.

"पोर मला घरातली जागा दाखवत होतं," बाई म्हणाल्या, "आणि मी ती कल्पना समजले."

 मी विचारलं, या वेळी तुम्ही तिला काय दिलंय? मला ते माहीत होतं, मीच ते पिशवीत घालून घरी नेलं होतं. तरी विचारलं.

बाई खाली बघत म्हणाल्या, "दोरीची बादली."

आमचं घर तिथून दहा मिनिटांवर. मी पळत निघाले आणि मागून बाई. त्यांनी खोलीला कुलूपही लावलं नव्हतं, पायात घरातल्या सपाता होत्या. साठीची बाई, पण जिन्यात माझ्या एक पायरीही मागे नव्हती.

सासूबाई पुढच्या खोलीत बसल्या बसल्या डुलकी घेत होत्या. मुंगी तिथे नव्हती. बोळाच्या टोकाला झोपायची खोली, आणि तिच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात एक जडशीळ कपाट. आधीच्या भाडेकरूंनी ते सोडून दिलेलं, आणि फुकटचं म्हणून आम्ही ठेवून घेतलेलं. या घरात येताना मी गॅलरीच्या गजांमधलं अंतर टेपने मोजलं होतं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावला होता, खिडक्यांना जाळी, सॉकेटना झाकणं. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसं घर तपासलं होतं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती, आणि वीतभर फटीत मूल मावतं हे मला सुचलं नव्हतं.

फटीतून मोज्यातले दोन छोटे पाय दिसत होते, टाचा वर, चवडे जमिनीला रेटलेले. बाकीची मुंगी आत होती, आणि बोलत होती. हळू, समजुतीच्या सुरात, जसं आपण लहान मुलाशी बोलतो. मध्ये थांबायची, मग हं म्हणायची.

मी तोंड उघडलं. बाईंनी माझं मनगट असं दाबलं की त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. त्यांनी मान हलवली. मलाही कळलं. दचकली तर पुढेच जाईल.

बाई जमिनीवर बसल्या, मांडी घातली, आणि रोजच्या आवाजात, दुपारी चारला वाचनालयाचं दार उघडून म्हणत तसं म्हणाल्या, "काय मुंगीबाई, आज काय परत आणलंत?"

आतलं बोलणं थांबलं. मग पाय मागे सरकले. गुडघे आले, फ्रॉक आला, धुळीने माखलेले केस आले. मी तिला ओढून कवटाळलं तेव्हा ती माझ्यावरच रागावली, कारण तिच्या हातातली बादली सांडली होती. बादलीतून एक लाकडी ठोकळा घरंगळत बाहेर आला. राखाडी झालेला, कडा झिजलेला. बाईंनी तो उचलून पदराने पुसला. ठोकळ्याच्या तळाला त्या तापल्या खिळ्याने आपली खूण करतात, एक छोटं वर्तुळ. ते तिथे होतं.

नवरा आला. त्याने आणि वॉचमनने मिळून कपाट सरकवलं. मागे जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीच्याच रंगात रंगवलेली लाकडी झडप होती, नळदुरुस्तीवाल्यांसाठी ठेवलेली. कडी गंजून गळून पडली होती. आत पाइपांची उभी पोकळी, खाली तीन मजले अंधार. आतून गार, ओला वारा तोंडावर येत होता, कुणी जांभई द्यावी तसा. झडपेच्या खाली हातभर अंतरावर सिमेंटची अरुंद कड होती आणि कडेवर वस्तू होत्या. ठोकळे, लाकडी मेंढी, टॉर्च. जवळची जागा रिकामी, तिथल्या धुळीत फक्त ठसे. त्या वस्तू मुंगीने आधीच उचलल्या असाव्यात. पुढची वस्तू थोडी लांब. तिच्या पुढची आणखी लांब. शेवटची टॉर्च घ्यायची तर माणसाला कमरेपर्यंत आत जावं लागलं असतं.

नवरा म्हणाला, वरून पडून पडून तशा लागल्या असतील. सासूबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, पडलेल्या वस्तू रांगेत उभ्या राहत नाहीत रे.

मुंगीला मी मांडीवर घेऊन विचारलं. ती अगदी सहज म्हणाली की तो एकेक देतो, मग मीही देते. काय दिलंस? माझा कंगवा, बाबांचं एक बटण, आजीची चष्म्याची दोरी. या तिन्ही वस्तू आम्ही महिनाभर शोधत होतो. कडेवर त्या नव्हत्या. वॉचमनने तळमजल्याची झडप उघडून पाहिलं, तिथेही सिमेंटचे गोळे सोडून काही नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी आमच्याच घरून जुन्या कार्डावरच्या नंबरला फोन लावला. लागला. या वेळी डावखुऱ्याच्या आईने उचलला. मी कानाजवळ कान आणून ऐकत होते. मुलगा बरा आहे, सातवीत आहे, फुटबॉल खेळतो, त्याला त्या घराचं काही आठवत नाही. एवढं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मग ती आपणहून बोलू लागली. सात वर्षांपूर्वी एका दुपारी तिने त्याला त्याच झडपेतून पाय धरून बाहेर ओढला होता. त्याच आठवड्यात त्यांनी घर सोडलं. जाण्याआधी नवराबायकोंनी मिळून ते कपाट तिथे ढकललं आणि घरमालकाला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, असं बाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, लोक म्हणाले असते, आईचं लक्ष नव्हतं. मला तिचा संताप यायला हवा होता. आला नाही. मी असते तर मीही कपाटच ढकललं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

फोन ठेवण्याआधी तिने हलक्या आवाजात विचारलं, "तुमच्या मुलीला पण तो आधी जवळचं देतो का?"

आम्ही तिला वस्तूंबद्दल काही सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी गवंडी यायचा होता. त्या दोन रात्री आम्ही चौघं पुढच्या खोलीत झोपलो. झडपेवर नवऱ्याने फळी ठोकली होती. माझं ठरलं होतं: मुंगीला त्या दिवशी बाहेर न्यायचं, परत येईपर्यंत भिंत लिंपून झालेली असेल, विचारलं तर म्हणायचं की तिथे काही नव्हतंच. बाईंना ते कळलं तेव्हा त्या चिडल्या. चिडण्याचा हक्क तुम्हाला नाही, असं मी त्यांना तोडून बोलले. बादली तुम्ही दिलीत. त्यांनी ते ऐकून घेतलं.  मग म्हणाल्या की ते खरं आहे आणि ते आयुष्यभर खरं राहील. पण मुलाच्या पाठीमागे बंद केलेलं दार मूल दुसरीकडे शोधतं. सात वर्षांपूर्वी कपाट ढकलून काय झालं ते तू पाहिलंस. हिला कळू दे की बंद होतंय, आणि हिच्या हाताने होऊ दे.

मला ते पटलं नव्हतं. पण नाही म्हणायला दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

गवंडी आला, विटा ओल्या केल्या, माल कालवला. फळी काढली. मी मुंगीला पुढ्यात बसवून तिच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट विळखा घातला. बाईंनी पिशवीतून तीन चित्रपुस्तकं काढून तिच्यासमोर ठेवली. त्याला सांगायचं की आता इथलं दार बंद होणार, असं त्या म्हणाल्या. जाताना त्याला एक पुस्तक द्यायचं. कोणतं ते तू निवड.

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मुंगीने पहिलं पुस्तक उघडलं, पानं चाळली, बाजूला ठेवलं. यात लांडगा आहे, तो घाबरतो. दुसरं उघडलं. ते नवं, सुंदर होतं, एका उंदराच्या घराचं. ते तिने मधूनच मिटलं. यात सगळ्या खोल्याच आहेत. तिसरं जुनं होतं, शिवण सुटलेलं. कुरण, टेकडी, नदी, नदीवरचा पूल, पुढे नुसतं आभाळ. सबंध पुस्तकात एक भिंत नव्हती. ती पानापानावर थांबत शेवटपर्यंत गेली आणि ते बाईंच्या हातात देत म्हणाली, "हे. यातून बाहेर जाता येतं."

बाई झडपेशी पालथ्या झोपल्या आणि पुस्तक धरलेला हात खांद्यापर्यंत आत घातला. कडेवर ठेवायला लागतो त्याहून जास्त वेळ तो हात आत होता. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती आणि मानेवरचे पांढरे केस. मग त्यांनी हात हळूच बाहेर काढला. रिकामा. आत काही पडल्याचा आवाज मी ऐकला नाही, आणि मी कान देऊन ऐकत होते.

"ठेवलंत?" मी विचारलं.

बाई उठून बसल्या. त्यांनी तळहाताकडे पाहिलं आणि तो पदरात झाकून घेतला. "घेतलं," त्या म्हणाल्या. मग गवंड्याला म्हणाल्या, लावा विटा.

पहिली वीट मुंगीने दिली. तिच्याच्याने ती उचलवत नव्हती म्हणून गवंड्याने खालून हात लावला. दुसरीही तिनेच दिली. पुढच्या विटा त्याने भराभर लावल्या, वर सिमेंट ओढलं, थापी फिरवली. कोपरा इतर भिंतीहून काळा आणि ओला दिसायला लागला. वाळला की कळणारसुद्धा नाही, असं म्हणून त्याने बादलीत हात धुतले. मी तशीच बसून होते. माझी बोटं एकमेकांत अडकून पांढरी पडली होती.

गवंडी गेला, बाई सपाता शोधायला बाहेरच्या खोलीत गेल्या. मुंगीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "आता सोड."